अभिवचन, पगार आणि हाजराची धावपळ

1917 साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. बाप्तिस्मा घेऊन बावीस वर्षे झाली होती. कवी म्हणून नाव होते, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन हाती होते, नगरच्या ख्रिस्ती समाजात मान होता. यापुढे कोणाचा पगार घ्यायचा नाही, देव देईल त्यावर राहायचे, असे त्यांनी ठरवले आणि या नव्या जीवनाला संन्यास म्हटले. मग साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

दरबार हा शब्द फारसी आहे. उर्दू शिकवणाऱ्या माणसाच्या कानाला तो लगेच जाणवतो. पाश्चात्त्य वळण टाकून ख्रिस्ताला देशी पेहराव द्यायला निघालेल्या या चित्पावन कवीला आपल्या सर्वांत देशी संस्थेसाठी संस्कृत शब्द सुचला नाही, आपल्या निजामशाही मुलखात घराघरात रुळलेला शब्द सुचला. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

आज मला लिहायचे आहे ते त्या पगाराबद्दल. नोकरी सोडून देवावर हवाला ठेवणारे साधू, फकीर आपल्याकडे प्रत्येक शतकात झाले. पण टिळकांच्या धर्मात पगार हा शब्द साधा नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्राचा एक मोठा खांब त्यावर उभा आहे.

पौल या प्रेषिताने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात एक युक्तिवाद आहे. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी. ती त्याची येणे रक्कम असते, तिला कोणी मेहेरबानी म्हणत नाही. मग अब्राहामाला देवाने नीतिमान ठरवले ते कशाची मजुरी म्हणून? पौल म्हणतो, कशाचीच नाही. देवाने त्याला संततीचे अभिवचन दिले, म्हाताऱ्या अब्राहामाने ते खरे मानले, आणि ते मानणेच त्याच्या खात्यावर जमा झाले. म्हणजे तारण ही कमाई नाही, देणगी आहे. माणसाने हात पुढे करून घ्यायची. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने याच मुद्द्यावर रोमच्या चर्चशी भांडण मांडले, आणि ज्या अमेरिकन मिशनने नगरला ठाणे दिले ते त्याच परंपरेतले.

मराठी बायबलने यासाठी ‘अभिवचन’ हा शब्द रूढ केला. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका ख्रिस्ती बाईंना मी एकदा विचारले होते, मॅडम, नुसते वचन का नाही? त्या म्हणाल्या, “सर, वचन म्हणजे आमच्याकडे शास्त्रातला शब्द. अभिवचन म्हणजे तो शब्द माझ्याकडे तोंड करून बोलला तर.” व्याकरणाच्या पुस्तकात हा अर्थ सापडेल असे नाही, पण ‘अभि’ या उपसर्गाचा इतका चांगला खुलासा मी बी.एड.च्या वर्गातही ऐकला नव्हता.

मिशन नगरला आले डिसेंबर 1831 मध्ये. मुंबईत त्यांचे काम 1813 पासून होते. 1833 मध्ये इथे चर्च स्थापन झाले, 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले. शाळा निघाल्या, सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा त्यातलीच. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे जिच्याकडे घेतले ती. हे सगळे आपल्याला पाठ आहे. पण या कामात पहिल्या दिवसापासून एक अवघड गाठ होती. देवाची कृपा फुकट आहे असे सांगणारा उपदेशक मात्र पगारी होता. दुसरा मार्ग तरी काय होता? धर्म बदलला की भाऊबंद तुटायचे, गावकीतले काम जायचे, बलुते बंद व्हायचे. मग मिशनने शिक्षक नेमायचे, प्रचारक नेमायचे, आणि त्यांचा खर्च बोस्टनहून यायचा. पोटासाठी बाटले, हा टोमणा नगरच्या ख्रिस्ती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. आम्हांला तो दुसऱ्या शब्दांत ऐकावा लागतो, तलवारीला भिऊन बाटले. टोमणा मारणाऱ्याला दोन्ही वेळा एकच सिद्ध करायचे असते, की तुमच्या आजोबांच्या आजोबांना स्वतःची अक्कल नव्हती.

मिशनलाही ही गाठ कळत होती. बोस्टनच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. त्यांचा आग्रह एकच, इथल्या मंडळ्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे, स्वतःचा पाळक स्वतः पोसावा. तत्त्व म्हणून ठीक. पण त्यानंतरच्या काळात नेवासे, राहुरीकडच्या खेड्यांतून जे शेकड्यांनी ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार समाजातले. ज्याच्या हातात जमीन नाही आणि ज्याला गावच्या विहिरीवर पाणी नाही, त्याने पाळक पोसायचा कशातून? तिथे ‘देव पुरवील’ हे वाक्य म्हणजे रोज दुपारचा प्रश्न होता.

याच भागात वडाळ्याला सॅम्युअल फेअरबँक नावाचे मिशनरी राहत होते. त्यांना पक्ष्यांचा नाद. दख्खनचे पक्षी टिपत, नमुने गोळा करत. दक्षिणेतल्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही फेअरबँक आहे. मला त्यांचे नाव वाचले की मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो प्रसिद्ध दाखला आठवतो. पाखरे पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारे भरत नाहीत, तरी देव त्यांना खायला घालतो, असा त्याचा आशय. आपल्याकडे तिर्मिजीच्या संग्रहात जवळजवळ हीच हदीस आहे. अल्लाहवर जसा भरवसा ठेवायला हवा तसा ठेवलात तर तो पाखरांसारखा तुम्हांला रिज्क देईल. ती सकाळी रिकाम्या पोटी जातात आणि संध्याकाळी भरल्या पोटी येतात. दोन दाखल्यांत एका क्रियापदाचा फरक आहे. आपल्या हदीसमधली पाखरे ‘जातात’. आमच्या उलेमांनी त्याच्यावर बोट ठेवले आहे, घरट्यात बसून राहिलेल्या पाखराबद्दल इथे काही म्हटलेले नाही. येमेनहून काही लोक शिदोरी न घेता हजला निघत, आम्ही अल्लाहवर विसंबणारे म्हणत, आणि मक्केत पोचून भीक मागत. त्यावर शिदोरी बरोबर घ्या, अशी आयत उतरली. उंटाची गोष्ट तर मदरशातल्या पोरालाही माहीत आहे, आधी बांध, मग भरवसा ठेव.

ऐकायला हे फार सोयीचे वाटते. ख्रिस्ती लोक बसून राहतात, आम्ही उंट बांधतो, संपला वाद. जुम्याच्या बयानात मी ही तुलना अनेकदा ऐकली आहे. पण नगर आणि आसपासचा इतिहास वाचला की ती टिकत नाही. अभिवचनावर सगळ्यांत जास्त विसंबलेले लोकच सगळ्यांत जास्त राबताना दिसतात.

पंडिता रमाबाईंचे केडगाव घ्या. नगरकरांसाठी सांगतो, आपल्या शहराला लागून आहे ते केडगाव नव्हे, दौंड-पुणे लोहमार्गावरचे. रमाबाई 1858 साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल लोकांचा रोष ओढवून घेतलेले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले. शास्त्रात सांगितले ते सगळे केले. व्रते, जप, उपवास, दाने. जवळ होते नव्हते ते देवाच्या नावाने संपले आणि दुष्काळात हे लोक उपाशी राहिले. 1874 च्या सुमारास वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाईंनी पुढे हे सगळे स्वतः लिहून ठेवले. त्यांच्या लिहिण्यातली तक्रार कोणा देवाविरुद्ध आहे त्यापेक्षा एका हिशेबाविरुद्ध आहे: इतके पुण्य टाकले की इतके फळ निघेल. हा हिशेब फक्त एका धर्माचा आहे असे मी म्हणणार नाही. रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींत सवाबाचे गुणाकार करणारे आपल्याकडेही आहेत. तस्बीहचे मणी बँकेच्या पासबुकासारखे बघतात.

1883 मध्ये इंग्लंडात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांच्याच सांगण्याप्रमाणे खरी गोष्ट नंतर घडली, साधारण 1891 च्या सुमारास. तोवर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांना वाटले. धर्म बदलूनही आपण जुनाच हिशेब चालवतो आहोत, फक्त खतावणी बदलली, हे त्यांच्या लक्षात आले असावे, असे मी त्याचे वाचन करतो. त्यानंतर त्यांनी जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचले. हे म्यूलर ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलांना सांभाळत आणि कोणापुढे हात पसरत नसत. गरज फक्त प्रार्थनेत देवाला सांगायची, असा त्यांचा नेम. रमाबाईंनी तोच नेम केडगावला धरला.

आता यातले दुसरे अंग पाहा. शारदा सदनाला अमेरिकेतल्या मित्रमंडळाने 1888 मध्ये दहा वर्षांची मदत कबूल केली होती. माणसांचे वचन, त्याला मुदत होती. ती संपण्याआधीच बाईंनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडे लावली, म्हणजे पुढे उत्पन्न येईल. हा उंट बांधणे नाही तर काय? 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली, बायका घेऊन आल्या. त्या दुष्काळात त्यांना स्वतःचे बालपण दिसले होते. पुण्यात प्लेगची बंधने लागली, म्हणून हा सगळा जथा केडगावच्या माळावर आला. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या. मग विहिरी, शेती, गोठा, हातमाग, तेलघाणा, छापखाना. छापखाना बायकाच चालवत. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी सबंध बायबल साध्या मराठीत उतरवले आणि ते त्याच बायकांनी छापले. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई वारल्या. भाषांतराचे काम त्यांनी तोवर उरकत आणले होते, आणि पूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला.

आणि म्यूलर? ते दरवर्षी अहवाल छापत. कोणत्या दिवशी किती शिलिंग आले, पैपैचा हिशेब. केडगावहूनही ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे पत्रक निघे. कोणी म्हणेल, मागायचे नाही म्हणता आणि जाहिरात करता! मला यात लबाडी दिसत नाही. हिशेब ठेवणे ही अमानतदारी आहे. फरक फक्त एवढाच, की हे लोक आलेल्या पैशाचा हिशेब ठेवत होते, आपल्या पुण्याचा ठेवत नव्हते. दिवसभर राबायचे आणि संध्याकाळी देवापुढे बिल ठेवायचे नाही. पौलाचे म्हणणेही नीट पाहिले तर हेच आहे. तो स्वतः तंबू शिवून पोट भरत असे, आणि जो काम करत नाही त्याने जेवू नये असेही त्याने एका मंडळीला ठणकावले आहे.

इथपर्यंत मुसलमानाला अडचण काही नाही. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हदीस आहे, कोणीही केवळ आपल्या अमलांच्या जोरावर जन्नतमध्ये जाणार नाही. सहाबांनी विचारले, आपणसुद्धा? पैगंबरांनी (स.) सांगितले, मीसुद्धा नाही, अल्लाहने आपल्या रहमतीने मला झाकले तरच. टिळक म्हणत, आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्या पुलावरून गेलो. आपल्या बळावर काही होत नाही, त्याने धरले तर तरतो, ही वारकऱ्यांची आळवणी त्यांच्या कानात होतीच. पौल वाचताना तीच त्यांना पुन्हा ऐकू आली असणार. त्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे आमचीही ये-जा आहे. याच जिल्ह्यात, श्रीगोंद्याला, शेख महंमदांसारखा मुसलमान संतकवी होऊन गेला.

मी अडतो ते पुढच्या पत्रापाशी.

गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल हाच मुद्दा समजावायला अब्राहामाच्या घरात शिरतो. देवाने संततीचे अभिवचन दिले, पण वर्षे गेली, साराला मूल झाले नाही. मग साराने आपली मिसरी दासी अब्राहामाला दिली. तिला इश्माएल झाला. पुढे साराला म्हातारपणी इसहाक झाला. पौल म्हणतो, हे रूपक समजा. दासीचा मुलगा माणसाच्या खटपटीने झालेला, सारेचा मुलगा अभिवचनाने झालेला. हागार म्हणजे गुलामी, सारा म्हणजे स्वातंत्र्य. आणि दासीला व तिच्या मुलाला घराबाहेर काढा, हे सारेचे उद्गारही तो आपल्या बाजूने वापरतो.

ही हागार म्हणजे आपली हाजरा. आपल्या घरांत मुलींना हे नाव ठेवतात. हा उतारा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. अभ्यासक सांगतात की पौलाच्या डोळ्यांपुढे अरब नव्हते, इस्लाम तर साडेपाच शतके दूर होता. त्याचे भांडण सुंता आणि नियमशास्त्राचा आग्रह धरणाऱ्या लोकांशी होते. हे खरे आहे आणि पौलाला न्याय द्यायचा तर मान्य केलेच पाहिजे. पण रूपकासाठी निवडलेली बाई रूपक नव्हती. तिला कोणी विचारून दासी केले नव्हते, विचारून अब्राहामाच्या तंबूत धाडले नव्हते. खटपट केली साराने, मान्य केली अब्राहामाने, आणि खटपटीचे नाव पडले हागारवर.

गंमत अशी की ज्या पुस्तकाच्या आधारे पौल बोलतो त्या उत्पत्तीच्या पुस्तकात हागार अभिवचनाबाहेर नाही. सोळाव्या अध्यायात रानात देवदूत तिला भेटतो आणि तिची संतती मोजता येणार नाही इतकी वाढेल असे सांगतो. ती देवाला नाव देते, मला पाहणारा देव. एकविसाव्या अध्यायात पाणी संपते, ती मुलाला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन रडते, तेव्हा पुन्हा शब्द येतो की याचे मोठे राष्ट्र करीन, आणि तिला विहीर दिसते. पंचविसाव्या अध्यायात अब्राहामाला मूठमाती द्यायला दोन्ही मुलगे बरोबर उभे आहेत, इसहाक आणि इश्माएल. पौलाने हा शेवट रूपकात घेतला नाही.

आपली रिवायत बुखारीत आहे. इब्राहीम (अ.स.) हाजराला आणि दूधपित्या इस्माईलला निर्जन खोऱ्यात सोडून परत फिरतात. ती मागे धावत विचारते, कोणाच्या भरवशावर सोडता? उत्तर नाही. शेवटी विचारते, अल्लाहचा हुकूम आहे का? हो. मग तो आम्हांला वाया जाऊ देणार नाही, असे म्हणून ती परत जाते. अभिवचनावर विसंबणे यापेक्षा वेगळे काय असते? आणि पाण्याची पखाल रिकामी झाल्यावर तीच बाई सफा आणि मरवाच्या मध्ये सात वेळा धावते. पाणी टेकड्यांवर मिळालेच नाही. ते फुटले मुलाच्या पायाशी, जिथे ती धावली नव्हती तिथे. धावण्याची मजुरी म्हणून जमजम मिळाले असे कोणी म्हणू शकत नाही, आणि ती बसून राहिली असेही नाही. तरी आज हजला जाणारा प्रत्येक माणूस, बादशहा असो की रिक्षावाला, त्या दासीच्या पावलांवर पाऊल टाकून धावतो. माझ्या त्या सहकारी मॅडमनी एकदा हसत विचारले होते, “सर, तुमच्याकडे हज म्हणजे पळापळच ना?” मी हो म्हणालो, आणि कोणाची ते सांगितले. हागारबद्दल आपल्या चर्चमध्ये कधी प्रवचन ऐकले नाही, असे त्या म्हणाल्या.

हाजरा डोक्यात ठेवून मी टिळकांच्या 1917 कडे परत पाहतो तेव्हा मला टिळक कमी दिसतात आणि लक्ष्मीबाई जास्त दिसतात. हुकूम इब्राहीमना झाला होता, पखाल हाजराच्या हातात रिकामी झाली.

टिळक ख्रिस्ती झाले 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत. लक्ष्मीबाईंना न विचारता. नवराबायकोची ताटातूट झाली ती चारेक वर्षे. त्यातला काळ त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढला, काही पंढरपुरात. मग त्या नगरला आल्या, नवऱ्याच्या घरी पण सोवळे सांभाळून, स्वतःचे पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवून. राहुरीला असताना एक दिवस त्यांनी स्वतःशी विचार केला की जाती देवाने केल्या की माणसाने, आणि तेव्हापासून कोणाच्याही हातचे खायला-प्यायला लागल्या. 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. कोणाच्या प्रवचनाने नव्हे, स्वतःच्या पायाने चालत त्या तिथे पोचल्या.

‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले त्यांना माहीत आहे की टिळकांच्या हातात पैसा थांबत नसे. दारात आलेल्याला देऊन टाकायचे. पाहुणे, पोरकी मुले, कोणी ना कोणी घरात कायम. उद्याची काळजी करू नका हे शुभवर्तमान टिळक जगत होते, आणि उद्याच्या भाकरीचे पीठ लक्ष्मीबाई शोधत होत्या. हे त्यांनी रडगाणे म्हणून लिहिले नाही. त्या हसत लिहितात, नवऱ्यावर प्रेम करत लिहितात, म्हणून तर ते पुस्तक मराठीत टिकले. पण हसण्याच्या आड पखाल दिसते. आपल्याकडच्या बुजुर्गांच्या तज्किऱ्यांत तीन-तीन दिवस चूल पेटली नाही असे कौतुकाने लिहिलेले असते. ती चूल कोणाची होती ते लिहिलेले नसते. लक्ष्मीबाईंचे पुस्तक मला यासाठी मोठे वाटते की तवक्कुलच्या इतिहासात चुलीपाशी बसलेल्या माणसाची साक्ष फार क्वचित मिळते.

टिळकांना पक्ष्यांचे हे दुसरे अंग ठाऊक नव्हते असेही नाही. त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ आपण शाळेत शिकलो. शिकाऱ्याने घायाळ केलेली पक्षिणी कशीबशी पिलांकडे परतते. सगळी पाखरे भरल्या पोटी परत येत नाहीत, हे लिहिणारा कवी हाच. तरीही त्याने पगार सोडला. भाबडेपणा म्हणून ते उडवून लावता येत नाही.

दरबाराबद्दल आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक हवी. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तप्रेमी एकत्र यावेत अशी टिळकांची कल्पना होती. देणगी जर खरोखर देणगी असेल तर दारावर पावती का मागायची, असा तो विचार दिसतो. नगरला हा प्रश्न त्याआधीही उठला होता. इथे 1874 पासून काम करणारे रॉबर्ट ह्यूम रजेवर अमेरिकेत असताना 1886 मध्ये बोलले, की ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही त्यांना मरणानंतर संधी मिळेल या मताला जागा असावी. हिंदुस्थानात राहिलेला माणूस होता तो. लोक विचारत असणार, आमच्या मेलेल्या आईबापांचे काय? बोर्डाने त्यांची परतीची रवानगी रोखली, वाद माजला, आणि मग 1887 मध्ये ते नगरला परतू शकले. तोच प्रश्न आपल्याकडेही मुले वर्गात विचारतात, सर, अमका चांगला माणूस होता, मग तो जन्नतमध्ये जाणार नाही का? अभिवचन कोणापर्यंत पोचते हे ठरवायचा अधिकार आपल्याला दिलेला नाही, एवढेच मी सांगतो. काही पालकांना ते पुरेसे वाटत नाही.

देवाचा दरबार दोन वर्षेही टिळकांच्या हयातीत चालला नाही. 9 मे 1919 ला मुंबईत ते वारले. त्यांच्यामागे तो संप्रदाय म्हणून उभा राहिला नाही. ख्रिस्ताच्या जीवनावरचे ‘ख्रिस्तायन’ हे मोठे काव्यही सुरुवातीचे अध्याय होऊन अर्धवट पडले होते. लक्ष्मीबाई पुढे कराचीला मुलाकडे राहिल्या, नाशिकला आल्या, ‘स्मृतिचित्रे’ लिहिले. त्यांचे रीतसर शिक्षण झालेच नव्हते, अक्षरे नवऱ्याने घरी शिकवलेली. ‘ख्रिस्तायन’ आज आपण वाचतो त्यातले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिलेले आहेत.